आठवड्याचा एक तास: 'अवॉर्ड'साठी सेवा, कौशल्य, खेळ आणि भटकंती कशी निवडायची

'इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल'ला नाव नोंदवून झालं, शाळेत फॉर्म भरला, आईबाबांची सही झाली की बहुतेक मुलं एकाच ठिकाणी अडतात. करायचं काय? मग ती मोठं काहीतरी शोधायला लागतात. अनाथाश्रम, टेकडीवर वृक्षारोपण, समुद्रकिनाऱ्याची स्वच्छता. महिनाभर फोनाफोनी चालते, परीक्षा येते आणि रेकॉर्ड बुक कोरंच राहतं. घराजवळचं, दर आठवड्याला जमेल असं छोटं काम शोधलं की हा अवॉर्ड पूर्ण होतो आणि त्यातून खरोखर काही शिकायलाही मिळतं. पुढचं सगळं लिहिणं याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी नियम थोडक्यात. ब्रिटनमध्ये १९५६ साली प्रिन्स फिलिप यांनी शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या प्रेरणेने 'ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड' सुरू केला. त्याचंच भारतातलं रूप म्हणजे हा अवॉर्ड. वय १४ ते २४. पातळ्या तीन: ब्राँझला चौदाव्या वर्षी, सिल्व्हरला पंधराव्या आणि गोल्डला सोळाव्या वर्षी सुरुवात करता येते. पंचविसावा वाढदिवस येण्याआधी सगळं पूर्ण व्हायला हवं. यात स्पर्धा नाही, कुणाचा पहिला नंबर येत नाही. तुम्ही आज जिथे आहात तिथून किती पुढे गेलात, एवढंच पाहिलं जातं.

भाग चार: सेवा, कौशल्य, खेळ-व्यायाम आणि साहसी प्रवास. गोल्डला पाचवा भाग निवासी प्रकल्पाचा. पहिल्या तीन भागांत आठवड्याला सरासरी किमान एक तास द्यायचा असतो. ब्राँझला प्रत्येकी तीन महिने, शिवाय तिघांपैकी तुमच्या पसंतीचा एक भाग आणखी तीन महिने. सिल्व्हरला प्रत्येकी सहा महिने, आणि ब्राँझ न करता थेट सिल्व्हरला आलात तर एका भागाचे सहा महिने वाढतात. गोल्डला प्रत्येकी वर्षभर. सिल्व्हर केलेलं नसेल तर तिथेही एका भागाचे सहा महिने वाढतात.

या हिशेबातला महत्त्वाचा शब्द 'आठवड्याला'. अनंत चतुर्दशीला घाटावर निर्माल्य गोळा करणं, बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून प्राणीगणना करणं ही सुंदर कामं आहेत, जरूर करा. पण एका दिवसात दहा तास राबलात म्हणून दहा आठवडे भरत नाहीत.

पहिली पायरी: कागदावर आठवडा मांडा

शाळा, क्लास, बसचा वेळ, घरची कामं सगळं लिहून काढा आणि मग मोकळा तास शोधा. तो सापडला की त्या तासाला चालत किंवा सायकलवर कुठे पोचता येतं ते बघा. एका तासाच्या कामासाठी दीड तास लोकलमध्ये जात असेल तर तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येणारच.

मग वर्षाचं कॅलेंडर घ्या. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षांचा, ऑक्टोबर सहामाहीचा, मग दिवाळी. माझ्या मते ब्राँझसाठी नववीचा जून सगळ्यात चांगला. तिन्ही भाग तेव्हा सुरू केले तर डिसेंबरपर्यंत सहा महिने होतात आणि साहसी प्रवास नेमका थंडीत येतो. दहावीच्या वर्षात नवीन पातळी सुरू करू नका. करायचीच असेल तर परीक्षेनंतर, एप्रिलमध्ये.

दुसरी पायरी: सेवा

इथे सगळ्यात जास्त विचार करा. सेवा बिनपैशाची असते आणि घरच्यांसाठी नसते. आजीला औषध आणून देणं चांगलंच आहे, पण ते इथे मोजलं जात नाही. आजीच्या वयाच्या इतरांसाठी मात्र करण्यासारखं खूप आहे.

उदाहरणार्थ, तुमच्या सोसायटीत, वाड्यात किंवा गावात निवृत्तिवेतन घेणारे आजी-आजोबा असतील. दर नोव्हेंबरला त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण अनेकांना ॲप उघडायचीच धास्ती वाटते. दर रविवारी सकाळी एक तास 'फोन-मदत' ठेवा: विरंगुळा केंद्रात, देवळाच्या ओसरीवर, सोसायटीच्या ऑफिसात. व्हिडिओ कॉल, रेल्वेचं तिकीट, डिजीलॉकर, अक्षरं मोठी करणं, फसवणुकीचे मेसेज ओळखणं. नोव्हेंबरपर्यंत त्यांचा हात बसतो आणि दाखल्याच्या वेळी ते स्वतःच करतात. एक नियम पक्का ठेवा: पिन, ओटीपी, पासवर्ड तुम्ही कधीही टाकायचा नाही, लिहून ठेवायचा नाही, ऐकायचासुद्धा नाही. पैशाचा व्यवहार शिकवताना त्यांच्या घरचं कुणीतरी शेजारी बसलेलं हवं.

अंध विद्यार्थ्यांसाठी वाचन आणि लेखन ही दुसरी मोठी गरज. परीक्षेत त्यांची उत्तरं लिहून घेणाऱ्याला लेखनिक म्हणतात. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, त्यामुळे दहावीच्या विद्यार्थ्याला नववीतल्या मुलामुलींची फार गरज असते. पण फेब्रुवारीत अचानक जाऊन उभं राहू नका. जूनपासून दर आठवड्याला जा, धडे वाचून दाखवा, सराव पेपर लिहून घ्या. त्यांच्या बोलण्याचा वेग कळतो, गणित आणि शास्त्राची चिन्हं कशी सांगतात ते कळतं, आपलं अक्षर कुठे बिघडतं तेही कळतं. परीक्षेत त्याचा खरा उपयोग होतो. जवळच्या अंधशाळेत किंवा एकात्म शिक्षण असलेल्या कॉलेजात चौकशी करा.

गावात असाल तर जिल्हा परिषदेची शाळा समोरच आहे. दुसरी-तिसरीच्या पाच मुलांना घेऊन आठवड्यातून एकदा गोष्ट वाचायची. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. मुलांना शिकवायला जाऊ नका, वाचायला जा. तुम्ही एक पान, त्यांनी एक ओळ. कोण कुठे अडखळतं याची वही ठेवा. महिनाभराने तीच गोष्ट पुन्हा काढली की फरक तुमचा तुम्हाला दिसतो.

पुस्तकांची आवड आहे पण माणसांत बुजायला होतं, अशांसाठी सार्वजनिक ग्रंथालय. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावांनाच काय, लहान खेड्यांतही ग्रंथालयं आहेत, आणि बहुतेक ठिकाणी कामाला माणूस एकच. फाटक्या पुस्तकांना कागद लावणं, दाखलनोंद संगणकावर घेणं, बालविभाग लावणं. कपाटं उघडली की आपल्या भाषेत काय काय छापलं गेलंय ते दिसतं. घरी बसूनच करायचं असेल तर मराठी विकिस्रोत आहे: प्रताधिकार संपलेल्या जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं तपासून शुद्ध मजकूर करायचा. आठवड्याला तासभर बसलात तर वर्षाच्या शेवटी एखादं पुस्तक जगभरातल्या वाचकांना खुलं झालेलं असतं.

शहरातल्या सोसायट्यांमध्ये कचरा. हे काम कुणाला आवडत नाही, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. ओला-सुका वेगळा करा असं पोस्टर लावून काही होत नाही. दर शनिवारी एका मजल्यावर जा, डब्यात डोकावा, बोला, पुढच्या शनिवारी पुन्हा जा. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. तिथल्या मोहिमेतून आलेली एक साधी पद्धत कुठेही वापरता येते: सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळायचे आणि त्यावर ठळक लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा हाताळणाऱ्या ताईंना तो न उघडताच ओळखता येतो. सोसायटीतल्या किती घरांत लाल ठिपका सुरू झाला हा तुमचा मोजता येणारा निकाल. मुलग्यांनीही हे काम करावं, संकोच मोडतो.

निसर्गाची ओढ असेल तर 'सीझनवॉच'. एक झाड निवडायचं, शाळेतला बहावा, वाटेवरचा आंबा किंवा पांगारा, आणि दर आठवड्याला त्याच झाडाची नोंद करायची: कोवळी पानं किती, कळ्या, फुलं, फळं किती. देशभरातून आलेल्या अशा नोंदींवरून ऋतू कसे सरकताहेत त्याचा अभ्यास होतो. ही नोंद काही मिनिटांत होते, म्हणून एका झाडावर थांबू नका: परिसरातली आठ-दहा झाडं घ्या आणि खालच्या वर्गातल्या दोन मुलांना सोबत शिकवा.

संस्थेत पहिल्यांदा जाताना काय बोलायचं, याची भीती वाटते. सरळ बोला: "मी नववीत आहे, दर शनिवारी चार ते पाच येऊ शकेन, जून ते डिसेंबर. तुम्हाला कोणत्या कामात मदत लागते?" शेवटचा प्रश्न विसरू नका. आपण ठरवून गेलेलं काम त्यांना नकोही असेल. शाळेचं पत्र आणि पालकांचं संमतिपत्र जवळ ठेवा, आणि तिथे एक जबाबदार मोठी व्यक्ती हजर असेल याची खात्री करा. लहान मुलांचे, रुग्णांचे, वृद्धांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका, आणि काढले तरी इन्स्टाग्रामवर टाकू नका. 'सेवा' करवून देण्याचे पैसे मागणारा कुणी भेटला तर तिथून निघा.

तिसरी पायरी: कौशल्य

'गिटार शिकणार' हे ध्येय नाही. 'डिसेंबरमध्ये तीन गाणी न थांबता वाजवणार' हे ध्येय. सुरुवातीलाच ते अवॉर्ड लीडरशी, म्हणजे तुमच्याकडे अवॉर्डचं काम पाहणाऱ्या मोठ्या व्यक्तीशी, बोलून लिहून ठेवा.

क्लास लावलाच पाहिजे असं नाही. चौकातल्या सायकलवाल्या काकांकडे आठवड्यातून एकदा तासभर बसा: पंक्चर, चेन, ब्रेकची वायर, चाकाचा आउट काढणं. तीन महिन्यांनी स्वतःची सायकल पूर्ण उघडून पुन्हा जोडता आली पाहिजे. स्वयंपाकही पूर्ण मानाचं कौशल्य आहे. पहिल्या महिन्यात वरणभात आणि एक भाजी, दुसऱ्यात पोळी, तिसऱ्यात ज्वारीची भाकरी, आणि शेवटी चौघांचं जेवण बाजारहाट आणि खर्चाच्या हिशेबासकट. आई शिकवू शकते, पण तुमचं काम तपासून अहवाल देणारा असेसर घरचा चालत नाही, तेव्हा शेजारच्या काकूंना किंवा शाळेतल्या शिक्षकांना आधीच विचारून ठेवा.

इतिहासाची आवड असणाऱ्यांना मी मोडी लिपी सुचवेन. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी कागदपत्रं मोडीत लिहिली जात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था तिचे वर्ग घेतात. ब्राँझला मुळाक्षरं, बाराखडी आणि जोडून लिहिलेले सोपे शब्द. गोल्डला वर्षभरात घरातल्या ट्रंकेतला जमिनीचा जुना कागद वाचून दाखवणं, असं ध्येय ठेवता येतं.

आकाशदर्शनाचं वेळापत्रक मात्र आपल्या पावसाने ठरतं. जूनमध्ये सुरू केलंत तर तीन महिने ढगच बघाल. नोव्हेंबरात सुरू करा: कृत्तिका, रोहिणी, मृग एकामागोमाग पूर्वेला वर येतात आणि ओळखायला सोपे आहेत. सगळी सत्तावीस नक्षत्रं ओळखणं हे सिल्व्हरचं चांगलं ध्येय. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते. इतर शहरांतही असे गट सापडतात.

जूनमध्येच सुरुवात करायची असेल तर पाऊस मोजा. सरळ बाजूंची बाटली, पट्टी, मोकळी जागा, आणि रोज सकाळी साडेआठची नोंद. हवामान खात्याची वेळही तीच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. यावरून शाळेच्या छतावर जुलैत किती पाणी पडलं याचा हिशेब मांडता येतो. शेतकरी घरातल्या मुलांनी याला विहिरीच्या पातळीची नोंद जोडावी.

ढोल-ताशा पथकाबद्दल नेहमी विचारतात. तालवाद्य म्हणून ते कौशल्यात बसू शकतं, पण पथकाचा सराव साधारणपणे गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिनेच जोरात चालतो. विसर्जनानंतर आठवड्याला शिकणार कुठे, ते आधी ठरवा.

चौथी पायरी: खेळ-व्यायाम

इथे फार सांगण्यासारखं नाही. जे आवडतं ते करा. मल्लखांब, खो-खो, कबड्डी, पोहणं, धावणं, सायकल, नृत्य, सूर्यनमस्कार सगळं चालतं. दादरच्या शिवाजी पार्कातलं श्री समर्थ व्यायाम मंदिर किंवा अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही नावं सर्वांना माहीत असतात, पण गल्लीतली तालीमही तितकीच चालेल. शाळेच्या पीटीच्या तासावर विसंबू नका, हा वेळ तुमचा स्वतःचा असावा लागतो. दमा असेल, अपंगत्व असेल, वजनाची लाज वाटत असेल, तरी हा भाग तुमच्यासाठीच आहे. पाच मिनिटं सलग चालण्यापासून तीस मिनिटांपर्यंत पोचणं ही खरी प्रगती आहे आणि अवॉर्ड ती तशीच मोजतो.

पाचवी पायरी: साहसी प्रवास

चार ते सात जणांचा गट. ब्राँझला दोन दिवस एक रात्र, सिल्व्हरला तीन दिवस दोन रात्री, गोल्डला चार दिवस तीन रात्री. रोज अनुक्रमे सहा, सात आणि आठ तासांचं हेतुपूर्वक काम, आणि प्रवास स्वतःच्या बळावर: पायी, सायकलवर, होडीतून. आधी प्रशिक्षण, मग सरावाचा प्रवास, मग खरा. मोठी माणसं देखरेखीला असतात, पण निर्णय गटाचे.

इथे ट्रेक आणि अवॉर्डचा प्रवास यांतला फरक समजून घ्या. ट्रेकला म्होरक्याच्या मागे चाललं की झालं. इथे वाट तुम्ही नकाशावर आखायची, पाणी कुठे भरायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि प्रवासाला एक शोधविषय लागतो. सह्याद्रीत विषयांना तोटा नाही. गडावरची पाण्याची टाकी मोजून कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकतं ते पायथ्याच्या गावात विचारणं. देवराईतली झाडं ओळखून तिथले पाळले जाणारे नियम लिहून घेणं. म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून उतरवणं, अर्थातच त्यांच्या परवानगीने. मला ओव्यांचा विषय सर्वांत आवडतो, कारण त्यासाठी थांबावं लागतं, बसावं लागतं आणि ऐकावं लागतं.

वाट निवडताना हौस आवरा. तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाच्या संजीवनी माचीकडे जाणारी वाट फार देखणी आहे, पण ती लांब आहे आणि ब्राँझच्या मुलांसाठी नाही. ब्राँझला पायथ्याच्या गावातून दुसऱ्या गावात जाणारी डोंगरवाट पुरे, मुक्काम शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात. पावसाळ्यात धुकं, शेवाळ आणि फुगलेले ओढे असतात, मार्चनंतर ऊन आणि आटलेली टाकी. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अनेक किल्ल्यांवर आणि अभयारण्यांत मुक्कामाला मनाई किंवा परवानगीची अट असते, ती पुरातत्त्व आणि वन खात्याकडे आधी विचारा. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली धूर, अत्तर, आरडाओरडा अजिबात नाही. मराठवाड्यात, विदर्भात राहणाऱ्यांनी सह्याद्रीच गाठला पाहिजे असं नाही. गोदाकाठाने दोन दिवस चालत घाट आणि नावाड्यांची माहिती गोळा करणं हा उत्तम प्रवास आहे.

सहावी पायरी: गोल्डचा निवासी प्रकल्प

घरापासून दूर, रोजच्या मित्रमैत्रिणींशिवाय, अनोळखी लोकांबरोबर किमान पाच दिवस चार रात्री एखादं सामायिक काम. आपल्याकडे याचं ठळक उदाहरण म्हणजे बाबा आमट्यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात, दर वर्षी मे महिन्यात. सकाळी श्रमदान, मग व्याख्यानं, चर्चा. वयाची अट आणि नोंदणीची मुदत आधी पाहा, आणि हे शिबिर निवासी प्रकल्प म्हणून चालेल का ते जाण्याआधी अवॉर्ड लीडरकडून लेखी घ्या. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर आपल्याच कॉलेजच्या मुलांबरोबर असतं, त्यामुळे 'अनोळखी लोक' ही अट अडते.

सातवी पायरी: नोंद

ऑनलाइन रेकॉर्ड बुक त्याच दिवशी भरा. सहा महिन्यांची नोंद एका रात्रीत लिहिली की असेसरला ती लगेच कळते. "आज शाळेत गेलो, मुलांना गोष्ट वाचून दाखवली, छान वाटलं" ही नोंद काही सांगत नाही. "आज पाचपैकी तीनच मुलं आली, बाकीची ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांसोबत गेली. जोडाक्षरं येताच दोघी थांबतात, पुढच्या वेळी जोडाक्षरं नसलेली गोष्ट आणायची" ही खरी नोंद. अडचण लिहायला घाबरू नका. संस्था बंद पडली, प्रशिक्षक सोडून गेले, पाय मुरगळला तर तेही लिहा आणि अवॉर्ड लीडरला लगेच सांगा. काम बदलता येतं, कारण मात्र नोंदलेलं हवं.

प्रत्येक भागाचा असेसर पहिल्याच आठवड्यात ठरवा. काम संपताच त्यांच्याकडून अहवाल घ्या, महिनाभर लांबवू नका. शिक्षकांची बदली होते, संस्थेतली माणसं बदलतात. पुढच्या पातळीला जाणार असाल तर तेच काम पुढे चालू ठेवता येतं, फक्त ध्येय नवं लिहावं लागतं. म्हणून डिसेंबरमध्ये संस्थेचा निरोप घेण्याआधी जानेवारीतही येऊ का, हे त्यांना विचारून घ्या.